एक भागिले सतरा: नववीतल्या एका पोराची पाच चुकलेली उत्तरं

लालबागला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतो, एका बॅचला फार तर आठ मुलं, सगळी आजूबाजूच्या चाळींतलीच. त्यातला नववीचा एक मुलगा, नाव लिहीत नाही, गणितात मधला म्हणावा असा, होमवर्क कधी राहत नाही, अक्षर छान. वास्तव संख्या हा धडा संपला तेव्हा मी छोटी टेस्ट घेतली. फळ्यावर सात संख्या लिहिल्या, प्रत्येकीपुढे परिमेय (पूर्णांक भागिले पूर्णांक अशी लिहिता येते ती) का अपरिमेय (तशी लिहिताच येत नाही ती) ते लिहा आणि एका ओळीत कारण द्या म्हटलं. कारण मी एरवी मागत नाही, तपासायला वेळ जातो. त्या दिवशी मागितलं हे फार बरं झालं, नाहीतर सातपैकी दोन मार्क टाकून, धडा परत वाच एवढं सांगून मी मोकळा झालो असतो.

त्याची उत्तरं अशी होती. पाय (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) अपरिमेय, बरोबर. √२ अपरिमेय, तेही बरोबर. २२/७ अपरिमेय, कारण "२२/७ म्हणजेच पाय". ३.१४१६ अपरिमेय, कारण "ही पण पायचीच किंमत". √९ अपरिमेय, "वर्गमूळ आहे". १/१७ अपरिमेय, "कॅल्क्युलेटरवर आकडे रिपीट होत नाहीत". आणि ०.१०१००१०००१... ही परिमेय, "पॅटर्न दिसतो".

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं याने अभ्यासच केलेला नाही. रात्री करी रोड स्टेशनला गाडीची वाट बघत उभा होतो तेव्हा पेपर परत काढला आणि तेव्हा लक्षात आलं की पोराने एकही उत्तर ठोकून दिलेलं नाहीये, प्रत्येक ठिकाणी त्याने विचार केलाय आणि सगळीकडे एकच विचार केलाय. तो संख्येचा चेहरा बघतोय. पायसारखी दिसली की अपरिमेय, मुळाचं चिन्ह दिसलं की अपरिमेय, आकडे ओळीत छान लागलेले दिसले की परिमेय. आणि परिमेयची व्याख्या, म्हणजे वर एक पूर्णांक, खाली एक पूर्णांक, खालचा शून्य नाही, अशा रूपात जी लिहिता येते ती, ही व्याख्या त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने चौकटीत आहे, पण सात कारणांत ती एकदाही आलेली नाही. २२/७ आणि १/१७ तर डोळ्यांसमोर अपूर्णांक म्हणूनच लिहिलेले होते हो, वर पूर्णांक खाली पूर्णांक, तिथे अजून काही करायचंच नव्हतं!

आता हे त्याला कोणी शिकवलं, तर मीच. "आकडे रिपीट होतात का बघा" हे वाक्य मी वर्गात कितीतरी वेळा बोललोय. वाक्य खोटं नाही, परिमेय संख्येचं दशांश रूप एकतर खंडित असतं, म्हणजे कुठेतरी थांबतं, नाहीतर अखंड आवर्ती, म्हणजे आकड्यांचा तोच तुकडा परत परत येत राहतो, पण ते *बघायचं* कुठे? पोरगं कॅल्क्युलेटरवर बघणार, दुसरं कुठे बघेल. आणि भूमितीत वर्षानुवर्षं आपण "पाय = २२/७" असं सरळ बरोबरचं चिन्ह घालून लिहायला लावतो, मग तो दोन्ही एकच समजला तर त्याचं काय चुकलं.

दुसऱ्या दिवशी बॅचच्या आधी मी त्याच्या घरीच गेलो, समोरचीच चाळ. त्याची आई पोळीभाजीचं केंद्र चालवते, दुपारी चार म्हणजे त्यांचा जरा निवांत वेळ, आजी दारात तांदूळ निवडत बसलेल्या. आईंचा हिशेबाचा मोठा कॅल्क्युलेटर त्याने आणून दाखवला, बारा आकडी. १ भागिले ७ केलं तर ०.१४२८५७१४२८५, म्हणाला हे बघा सर, १४२ परत आलं, हे परिमेय. मग १ भागिले १७, ०.०५८८२३५२९४१. "ह्यात काय रिपीट झालंय, दाखवा."

खरंच काही झालेलं नव्हतं. मी म्हटलं कॅल्क्युलेटर बाजूला ठेव, खडू आण.

मोरीजवळच्या लादीवर आम्ही बसलो. आधी विचारलं, १७ ने कशालाही भागलं तर बाकी काय काय उरू शकते? शून्य ते सोळा, हे त्याने लगेच सांगितलं. मग शून्य सोडून १ ते १६ आकडे आडवे लिहायला लावले, गणपतीत चाळीत हाऊझी असते त्या तिकिटासारखे. जी बाकी येईल ती तिकिटावर कापायची. आपण एकापासून सुरू करतोय म्हणून १ आधीच कापला. १० मध्ये १७ जात नाही, भागाकार ०, बाकी १०, काप. १०० मध्ये पाच वेळा, ८५ गेले, बाकी १५, काप. १५० मध्ये आठ वेळा, इथे त्याने घाईत सतरा आठे १२६ धरलं आणि बाकी २४ आली. खडू घेऊन तिकिटावर २४ शोधायला लागला, सापडेना. दोन सेकंद गप्प, मग स्वतःच "२४ तर असूच शकत नाही" म्हणाला आणि सतरा आठे १३६ करून बाकी १४ काढली. मी तोंड उघडलं नव्हतं. मला त्या दुपारची सगळ्यात मोलाची गोष्ट विचाराल तर हीच.

पुढे ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२. इथपर्यंत सगळी बाकी वेगवेगळी आली आणि तिकीट पूर्ण कापलं गेलं, फुल हाऊस. मी विचारलं आता पुढची बाकी काय येईल? हिशेब करायच्या आधी विचारलं, मुद्दाम. तो तिकिटाकडे बघत राहिला, म्हणाला "आता नवीन उरलीच नाही... म्हणजे आधीचीच कुठलीतरी." १२० मध्ये सतरा साती ११९, बाकी १. जिथून निघालो तीच. आणि एकदा १ आला म्हणजे पुढे परत १०, परत १५, परत १४, भागाकाराला दुसरा रस्ताच नाही. वर आकडे तयार झाले होते ०५८८२३५२९४११७६४७, सोळा आकडे. कॅल्क्युलेटरने पॉईंटनंतर अकराच दाखवले होते. आवर्तन होतंच, खिडकी छोटी होती.

मग त्याला मी हे एकच सांगितलं की रिपीट *होतंय का* हा प्रश्न सोड, रिपीट *का होतं* ते तू आत्ता पाहिलंस. खाली कुठलाही पूर्णांक असू दे, बाक्या मोजक्याच, त्यामुळे कधीतरी शून्य येणार किंवा जुनी बाकी परत येणार. शून्य आली तर खंडित, जुनी आली तर आवर्ती. अपूर्णांक म्हणून लिहिली त्याच क्षणी हे ठरलं, कॅल्क्युलेटरला विचारायची गरज नाही. त्याने मग आपणहून १३ करून बघितलं, बाक्या १, १०, ९, १२, ३, ४ आणि परत १, बारापैकी सहाच कापल्या गेल्या, ०७६९२३. "फुल हाऊस नाही झालं सर." नाही होत दरवेळी, बाक्या जेवढ्या शक्य आहेत त्याच्यापेक्षा जास्त लांब आवर्तन जाणार नाही, एवढीच खात्री आहे, कमी असू शकतं.

हे चालू असताना आजी मध्येच म्हणाल्या, "मास्तर, आमच्या वेळेला हे पॉईंट नव्हते, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असायची." म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे. आणि खरंच सोळा सव्वा किती विचारलं तर वीस हे तांदूळ निवडता निवडता सांगितलं. मला ते फार कामाला आलं. कारण आपल्या बाजारातले शब्द बघा, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, या सगळ्यांत छेद २ किंवा ४. म्हणून ते दशांशात लिहिले की लगेच थांबतात, ०.२५, ०.७५, १.२५. दशांश म्हणजे छेद १०, १००, १०००, आणि दहा म्हणजे दोन गुणिले पाच, तेव्हा अतिसंक्षिप्त रूप केल्यावर, म्हणजे वर-खाली सारखे असलेले अवयव काढून टाकल्यावर, छेदात फक्त २ आणि ५ हेच मूळ अवयव असतील तरच तो छेद १०, १०० असा करता येतो. १/८ चे ०.१२५, १/४० चे ०.०२५. छेदात ३ किंवा ७ किंवा १७ घुसला की थांबणं नाही. आजींनी विचारलं मग तिघांत एक रुपया कसा वाटायचा, पोरगा म्हणाला तेहतीस तेहतीस पैसे आणि एक पैसा उरतो. तो उरलेला पैसा म्हणजेच बाकी १, त्याचे परत बारीक भाग करा, परत एक उरणार, संपतच नाही.

मग पाय. आईंची पोळ्यांची मोठी परात होती, मोजली तर व्यास जवळजवळ २८ सेंटीमीटर भरला. २८ धरून २२/७ ने परीघ ८८ येतो. दोरी गुंडाळून मोजला तर दोरीवरही ८८ च्या आसपास. खऱ्या पायने ८७.९६ सेंटीमीटर यायला हवा, म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, दोरीला तो कळणार कसा. म्हणून २२/७ वापरायला उत्तम. पण दोन्ही एक नाहीत, आकडे शेजारी लिहा की दिसतं, २२/७ म्हणजे ३.१४२८५७... आणि पाय ३.१४१५९२..., पॉईंटनंतरच्या तिसऱ्याच आकड्याला वाटा वेगळ्या.

हे आपल्याकडच्या लोकांना पक्कं माहीत होतं आणि मुलांना हे सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि त्यासाठी शब्द वापरला आसन्न, जवळचा. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत दोन किमती दिल्या, ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, व्यवहाराला चालेल अशी. आणि त्याच्याही कितीतरी आधी ग्रीक गणिती आर्किमिडीजने दाखवलं होतं की पाय २२/७ पेक्षा लहान आणि २२३/७१ पेक्षा मोठा आहे. पाय कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही याची सिद्धता मात्र लँबर्ट या युरोपातल्या गणितज्ञाने दिली ती १७६१ मध्ये. हे ऐकून पोराने ३.१४१६ घेतलं, ३१४१६/१०००० लिहिलं, वर-खाली दोनने भाग देत गेला आणि ३९२७/१२५० वर येऊन थांबला. "हीच ना सर, भास्कराचार्यांची?" हो, हीच. मग हिच्यापुढे काय लिहिणार? परिमेय. त्याला ते आता कोणी सांगावं लागलं नाही.

०.१०१००१०००१... या संख्येवर त्याने वाद घातला आणि वाद रास्त होता. पॅटर्न आहे की! मी मान्य केलं, पॅटर्न आहे, पुढचा आकडा तू सांगू शकतोस, पण नियम असणं वेगळं आणि आवर्तन वेगळं. आवर्तन म्हणजे ठरावीक लांबीचा तुकडा जसाच्या तसा परत परत. समज तुझा तुकडा सहा आकड्यांचा आहे. ह्या संख्येत पुढे कुठेतरी सलग सहा शून्यं येणार, सात येणार, वीसही येणार. त्या शून्यांच्या पट्ट्यात तुझा अख्खा तुकडा बसला म्हणजे तुकडा सगळा शून्यांचाच झाला, आणि तसं असेल तर पुढे परत १ येताच कामा नये. पण येतो. सहाच्या जागी साठ घे, सहाशे घे, हेच होईल. हे पटायला त्याला वेळ लागला, आणि त्या दिवशी अर्धवटच पटलं असं मला वाटतं, दोन दिवसांनी त्याने बॅचमध्ये दुसऱ्या मुलीला समजावून सांगितलं तेव्हा माझी खात्री झाली.

√९ दोन मिनिटांत झालं, तीन त्रिक नऊ, मुळाचं चिन्ह असलं म्हणून काय. पण √२ त्याने बरोबर लिहिलेलं असूनही मी परत घेतलं, कारण ते चुकीच्या कारणाने बरोबर होतं. ए-फोर कागद दिला, २१० मिलिमीटर बाय २९७. हा कागद मधोमध दुमडला तरी आकार तोच राहावा म्हणून लांबी-रुंदीचं गुणोत्तर √२ धरलेलं असतं. त्याने २९७ भागिले २१० केलं, १.४१४२८५७१४२८. कॅल्क्युलेटरवर √२ दाबलं, १.४१४२१३५६२३७. चार घरं सेम! त्याला वाटलं अपूर्णांक सापडला. २९७/२१० म्हणजे ९९/७०, वर्ग कर म्हटलं, ९९ चा वर्ग ९८०१, ७० च्या वर्गाची दुप्पट ९८००. एकाने हुकलं. मग दुसरा अपूर्णांक शोधू, त्याहून जवळचा? शोध, पण कधीच बसणार नाही, आणि का ते मूळ अवयवांतच दिसतं. समज √२ = अ/ब. म्हणजे अ चा वर्ग = २ गुणिले ब चा वर्ग. कुठल्याही वर्गात प्रत्येक मूळ अवयव जोडीजोडीने येतो, कारण संख्या दोनदा घेतलीय. डावीकडे २ जेवढे असतील तेवढे जोडीत. उजवीकडे ब च्या वर्गातले जोडीत आणि शिवाय बाहेरचा एक २, तो एकटा. एकाच संख्येचे मूळ अवयव पाडले तर २ सम वेळाही आणि विषम वेळाही येतील का? नाही. √९ मध्ये ३ ला जोडीदार आहे म्हणून ते सुटतं. "२ एकटा पडला" हे वाक्य पुढे बॅचमध्ये सगळ्यांच्या तोंडी बसलं.

आठवड्याने मी नवीन सात संख्या दिल्या, कारणासकट. या वेळी सहा बरोबर, आणि कारणंही व्याख्येला धरून. चुकली एकच, √०.४. त्याने लिहिलं परिमेय, "कारण ०.२ × ०.२ = ०.४".

इथे मला कळलं की अपरिमेयच्या खाली अजून एक भोक होतं, दशांशाच्या गुणाकाराचं, पाचवी-सहावीपासूनचं. आधी वाटलं तो बेरीजच करतोय, कारण दोन अधिक दोन आणि दोन गुणिले दोन सारखेच. म्हणून ०.३ × ०.३ विचारलं, ०.९ म्हणाला. म्हणजे बेरीज नाही, गुणाकार करतोय, पण पॉईंट बेरजेच्या सवयीने ठेवतोय, पॉईंटखाली पॉईंट, वर एक घर तर उत्तरातही एक घर. आणि मुलांच्या रोजच्या जगात पॉईंट दरवेळी दशांशाचा असतोच असं नाही, क्रिकेटमध्ये ४.३ ओव्हर म्हणजे चार ओव्हर तीन बॉल, त्यात अजून तीन बॉल टाकले की पाच ओव्हर होतात. दीड तास म्हणजे १.५ तास आणि एक तास पन्नास मिनिटं यांत गोंधळणारी दहावीची मुलं मी पाहिली आहेत. अशा पोराला नुसतं "घरं मोजून पॉईंट दे" सांगितलं तर तो अजून एक नियम पाठ करेल आणि महिन्याने विसरेल.

म्हणून आलेख कागद काढला. दहा बाय दहा घरांचा एक चौकोन आखला, हा म्हणजे १. बाजू १, घरं शंभर. आता ०.२ बाजूचा चौरस रंगव. त्याने दोन घरं आडवी, दोन उभी रंगवली. किती? चार. शंभरातली चार म्हणजे? ०.०४. बराच वेळ त्या चार घरांकडे बघत होता, एवढुसा कोपरा. मग ०.४ किती घरं? चाळीस. चाळीस घरांचा चौरस करून दाखव. सहा सहा छत्तीस, सात साती एकोणपन्नास, मध्येच कुठेतरी.

त्याने मग वहीत आपणहून लिहिलं, ०.४ = ४/१० = २/५, वर २ एकटा, खाली ५ एकटा, म्हणून √०.४ अपरिमेय. त्याच्याखाली √०.०४ = ०.२, परिमेय. मी वही मागायला हात पुढे केला तर म्हणाला थांबा सर, आणि अजून एक ओळ लिहिली, ०.९ = ९/१०, ९ ची जोडी आहे पण १० मध्ये २ आणि ५ दोघं एकटे, "म्हणजे √०.९ पण ०.३ नाही." मग मान वर न करता तीन घरं आडवी, तीन उभी रंगवायला घेतली.